आला कसा, त्यावर जाईल कसा
(वाचकांचे प्रश्न : परदेशातला पैसा)

गेल्या अंकात आखातातल्या नोकरदारांच्या खात्यांवर मी दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यांनाच द्यावं लागतंय. बहुतेकांचा सूर एकच : सगळ्यात स्वस्तात पैसे कोण पाठवतं? रत्नागिरीच्या शाखेत फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर अर्धी नोकरी काढल्यावर माझं मत असं, की हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. आधी विचारायचं ते हे, की पैसा कोणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारच्या खात्यात उतरणार. तो उद्या परत बाहेर न्यायची वेळ आली तर त्याची वाट त्या पहिल्या दिवशीच ठरून गेलेली असते. खालची पत्रं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

*

ताई, मी शारजात एसी टेक्निशियन आहे. दर महिन्याला २,००० दिरहम बाबांच्या खेडमधल्या बचत खात्यात पाठवतो. माझ्या रूममेटच्या ओळखीचा एक माणूस एक्स्चेंजपेक्षा दिरहमला वीस पैसे जास्त देतो, फी घेत नाही, आणि घरपोच रोख देतो. आमच्या खोलीतले सगळे त्याच्याकडूनच पाठवतात. काय हरकत आहे? पुढे पाच-सहा वर्षांनी इथेच भागीदारीत एसी दुरुस्तीचं दुकान टाकायचा विचार आहे.
– एक वाचक, शारजा (मूळ गाव खेड तालुका)

तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. आधी हिशोब. वीस पैसे गुणिले दोन हजार म्हणजे महिन्याला ४०० रुपये, वर्षाला ४,८००. एवढ्यासाठी तू काय पणाला लावतोयस ते बघ.

तो माणूस करतो त्याला हवाला म्हणतात. त्यात तुझे दिरहम शारजातून हलतच नाहीत. ते तिथेच कोणाच्या तरी कामाला येतात आणि इकडे दुसरा कोणी तरी तेवढेच रुपये तुझ्या बाबांना देतो. ते रुपये कुठून आले हे तुलाही माहीत नाही, बाबांनाही नाही. पूर्वी दहाच्या नोटेचा नंबर फोनवर सांगायचा, एसटी स्टँडवर ती नोट दाखवणाऱ्याला पाकीट मिळायचं. आता बरेचदा रोख येतही नाही, कुठल्या तरी अनोळखी खात्यातून थेट बाबांच्या खात्यात जमा होते. आणि ते अनोळखी खातं ऑनलाइन फसवणुकीतलं निघालं, तर कुठल्या तरी परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र खेडच्या शाखेत येतं आणि बाबांचं खातं गोठतं. मग त्यात त्यांची पेन्शन असो नाही तर काजूचे पैसे असोत. ‘साहेब, सगळेच तसं करतात’ हे वाक्य मी त्याच टेबलावर, अशाच गोठलेल्या खात्यांची पासबुकं हातात धरलेल्या माणसांकडून ऐकलंय. फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, अशा व्यवहाराला गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड लावू शकतो. तो दंड पाठवणाऱ्यापुरता नाही, घेणाऱ्यालाही आहे.

दंड कदाचित होणारही नाही. पण तुझं दुकान? त्यासाठी पैसे शारजात परत न्यायचे तेव्हा बँक त्या पैशाचा जन्मदाखला मागेल. हवाल्याच्या पैशाला तो नसतो.

आता सरळ मार्गानं पाठवतानाही लोक दोन ठिकाणी पैसे घालवतात. एक म्हणजे ‘नो फी’ची पाटी. समजा एका एक्स्चेंज हाऊसचा दर २३ रुपये ६० पैसे आणि फी २५ दिरहम. फी वजा जाता १,९७५ दिरहमचे झाले ४६,६१०. शेजारच्या दुकानात फी शून्य, पण दर २३ रुपये २० पैसे. तिथे २,००० दिरहमचे होतात ४६,४००. फी न घेणाऱ्यानं तुझ्याकडून २१० रुपये जास्तच घेतले, फक्त पावतीवर ते दिसले नाहीत. म्हणून काउंटरवर दर विचारू नकोस, फीही विचारू नकोस. ‘मी दोन हजार दिले तर समोरच्या खात्यात रुपये किती पडतील?’ एवढंच विचार. मोबाइलच्या ॲपवरही शेवटचा आकडा बघायचा, वरची जाहिरात नाही.

दुसरं म्हणजे दर चढण्याची वाट बघणं. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे दिरहम-रुपया असं वेगळं काही नसतं, डॉलर-रुपयाचीच ती सावली. त्यावर पगार अडवून बसण्यात काही राम नाही. रुपया घसरला म्हणून तिकडे क्रेडिट कार्डावर उचल करून इकडे पाठवणारे महाभागही मी बघितलेत. कार्डाचं व्याज भरताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक्स्चेंज हाऊसचे पैसे तासा-दोन तासांत कसे येतात, असं बरेच जण विचारतात. त्या कंपन्यांनी भारतातल्या बँकांत रुपयांची खाती आधीच उघडून भरून ठेवलेली असतात. तू दिरहम दिलेस की इथून फक्त रुपये सुटतात. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनंच ही व्यवस्था चालते आणि घरखर्चाच्या पैशाला तिच्यात वरची मर्यादा नाही. नाव आणि पासपोर्ट नंबर सांगून काउंटरवर रोख घ्यायची पद्धत वेगळी. तिथे एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत, एका माणसाला वर्षात तीस वेळा, आणि रोख हातात फक्त ५०,००० रुपयांपर्यंत. त्यावरची रक्कम खात्यात किंवा चेकनं. घरात कोणाचंच खातं नसेल तर ही सोय कामाची आहे. तुमच्या घरी खातं आहे, तेव्हा सोडून दे.

आता मुद्द्याचं. बाबांच्या बचत खात्यात पडलेला पैसा कायद्यानं बाबांचा. तो दुकानासाठी तुला हवा झाला, तर बाबांना भारतातून बाहेर पैसे पाठवायच्या उदारीकृत योजनेखाली, जिला बँकेत सगळे एलआरएस म्हणतात, ए-टू फॉर्म भरून तो तुला पाठवावा लागेल. त्याला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती तुला पुरेल. पण वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून घेते. बाबा विवरणपत्र भरून ते परत मागू शकतात, पण तोवर तुझं भांडवल सरकारजमा.

म्हणून या रजेत गावी आलास की स्वतःच्या नावानं एनआरई खातं उघड, म्हणजे अनिवासी भारतीयानं बाहेरची कमाई रुपयांत ठेवायचं खातं. तिकडे बसूनही उघडता येतं, पण मग कागद दूतावासातून किंवा बँक सांगेल तिथून साक्षांकित करावे लागतात. त्यापेक्षा रजेतलं काम सोपं. पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी आणि पॅन घेऊन जा, आणि या चारही कागदांवर तुझं नाव एकाच पद्धतीनं लिहिलंय का ते आधी तपास. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर बापाचं नाव मध्ये, तिसऱ्यावर स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. पैसे अडकतात ते बहुतेक याच्यापायी. एनआरई खात्यातलं मुद्दल आणि व्याज दोन्ही, कधीही, कितीही, परवानगीशिवाय बाहेर नेता येतं. तू अनिवासी आहेस तोवर व्याजावर भारतात आयकर नाही. फक्त त्यातली मुदत ठेव वर्षाच्या आत मोडलीस तर व्याजाचा एक रुपयाही मिळत नाही. म्हणून सगळे पैसे एकाच पावतीत अडकवू नकोस.

घरखर्चाचं काय? एनआरईमधून दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम बाबांच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला लिहून दे. मुलानं बापाला दिलेल्या पैशावर बापाला कर नाही. बाबांना एनआरईत जोडीला घेता येतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणूनच, म्हणजे तू असताना खातं तुझंच. तुझ्या हयातीत बाबांना त्यातून काढायचं असेल तर मुखत्यारपत्र द्यावं लागेल. आणि एक्स्चेंज हाऊसच्या पावत्या जपून ठेव. थर्मल कागदावरचं उडून जातं, म्हणून फोटो काढून ठेव.

*

माझा मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला गेला, त्याला आता पाच महिने झाले. त्याचं इथलं बचत खातं तसंच आहे. त्याच्या फ्लॅटचं भाडं त्यात येतं, एटीएम कार्ड माझ्याकडे आहे आणि त्याचं सिम मी माझ्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवलंय, ओटीपीसाठी. सहा महिने होईपर्यंत काही करायला नको असं एकानं सांगितलं. आता त्याला घराच्या डिपॉझिटसाठी याच खात्यातून पैसे हवेत.
– एक आई, नाशिक

तुमचा तो जुना फोन माझ्या डोळ्यांसमोर आला. फ्रिजवर, चार्जरला लावलेला. अशी आई मला आता प्रत्येक सोसायटीत भेटते.

सहा महिन्यांचं ज्यानं सांगितलं त्यानं दोन कायद्यांची खिचडी केली. आयकरासाठी भारतात किती दिवस राहिलात ते मोजतात. खात्याला लागू होतो फेमा, आणि तो दिवसांबरोबर हेतूही बघतो. नोकरीसाठी देश सोडला त्या दिवसापासून तुमचा मुलगा खात्याच्या दृष्टीनं अनिवासी झाला. साधं बचत खातं त्याच वेळी एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, व्हायला हवं होतं. घाबरू नका, उशीर झाला म्हणून कोणी दाराशी येत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर अर्ज असतो, मुलाला त्याचा निवास परवाना आणि पासपोर्टच्या प्रती जोडून पाठवायला सांगा. खाते क्रमांक बहुतेक बदलतो, म्हणून त्या खात्यातून जाणारे विम्याचे हप्ते, एसआयपी आणि सोसायटीचा मेंटेनन्स यांची यादी आधी करून ठेवा. म्युच्युअल फंडाचं केवायसीही बदलावं लागेल.

भाडं एनआरओत घेणं सोपं. एनआरईतही ते टाकता येतं, पण त्यावरचा कर भरला गेल्याची बँकेची खात्री पटली तरच. इथे एक गोष्ट भाडेकरूला सांगायला हवी, आणि ती ऐकून तो खूश होणार नाही. मालक अनिवासी असला की भाड्यातून सेससकट ३१.२ टक्के टीडीएस भाडेकरूनं कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. मुलानं विवरणपत्र भरलं की जास्तीचा परत मिळतो. बरेच भाडेकरू हे करत नाहीत, आणि नोटीस येते ती मालकाला नाही, त्यांना.

कर भरून उरलेलं भाडं एनआरओमधून तिकडे नेता येतं. हे चालू उत्पन्न असल्यामुळे त्याला एनआरओची वार्षिक दहा लाख डॉलरची मर्यादा लागत नाही. भारतात असताना पगारातून साठवलेली जुनी शिल्लक मात्र त्या मर्यादेत मोजतात. डिपॉझिटपुरत्या रकमेला ती आडवी येणार नाही. बँक सीएचा दाखला आणि आयकर खात्याकडे ऑनलाइन भरलेलं निवेदन मागेल. बँकेतले लोक त्यांना आजही पंधरा-सीए, पंधरा-सीबी म्हणतात. सीए चार-पाच दिवस घेतो, आणि मुलाला डिपॉझिट उद्या द्यायचं असणार. तेव्हा या खेपेला तुम्ही स्वतःच्या खात्यातून एलआरएसखाली पाठवा. दहा लाखांच्या आत टीसीएसही नाही.

कार्डाचं आणि सिमचं. दुसऱ्याचं कार्ड वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, मग तो पोटचा मुलगा असला तरी. काही गडबड झाली तर ‘पिन तुम्हीच दिला होता’ म्हणून बँक हात झटकेल. मुलानं तुमच्या नावे मुखत्यारपत्र किंवा बँकेचं मँडेट, म्हणजे खातं चालवायची लेखी परवानगी, दिलं की तुम्हाला तुमच्या सहीनं पैसे काढता येतात. इथली बिलं भरता येतात, त्याचे पैसे त्यालाच बाहेर पाठवताही येतात. तिसऱ्या कोणाला त्यातून भेट मात्र देता येत नाही. ओटीपीसाठी बऱ्याच बँका आता परदेशी नंबर किंवा ईमेल नोंदवून घेतात. ते करा आणि फ्रिजवरची जागा मोकळी करा.

*

मुलगा न्यू जर्सीहून दर वर्षी आम्हाला काही पैसे पाठवतो. आम्ही ते आमच्या नावानं ठेवीत टाकतो. यावर कर लागतो का? आणि अमेरिकेनं पैसे पाठवण्यावर नवा कर बसवला असं ऐकलं.
– एक ज्येष्ठ दांपत्य, पुणे

मुलाकडून आलेल्या रकमेवर नाही. तिच्या व्याजावर हो, आणि ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरायचं. हीच रक्कम त्यानं बायकोच्या नावावर इथे ठेवली असती तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं. आई-वडिलांच्या बाबतीत तसं नाही.

अमेरिकेतला कर १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे, एक टक्का. पण तो रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवणाऱ्यांना. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डानं पाठवलं तर नाही. तुमचा मुलगा रोख नोटा घेऊन रांगेत उभा राहत असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुण्याचं पत्र आहे म्हणून सांगते. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून हे पैसे एखाद्या पतसंस्थेत असतील तर काढा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्याही, प्रत्येक बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. आणि मुलानं हे पैसे ‘आई-बाबा, तुम्हाला’ म्हणून पाठवलेत की ‘माझे, सध्या तुमच्याकडे ठेवा’ म्हणून, हे त्याला एकदा स्पष्ट विचारा. दुसरं असेल तर ते त्याच्या एनआरईत किंवा एफसीएनआर ठेवीत असायला हवेत. एफसीएनआर ठेव डॉलरमध्येच राहते, एक ते पाच वर्षांची, म्हणजे रुपया घसरला तरी त्याला धक्का नाही.

*

मी मूळचा पेडण्याचा. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला आलो, आता इथेच असतो. वडील वारले. म्हापशातला फ्लॅट आम्ही दोघे भाऊ विकतोय, दुसरा भाऊ गावीच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, एक टक्का टीडीएस कापून बाकी पैसे तुझ्या जुन्या बचत खात्यात टाकतो. माझा वाटा इंग्लंडला कसा आणू?
– एक वाचक, स्विंडन

स्विंडनमधून मराठी पत्र आलं याचं नवल वाटलं नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांचा एक पाय आता तिथे आहे. पण गिऱ्हाइकानं सांगितलेली एक टक्क्याची वाट तुम्हा दोघांनाही खड्ड्यात घालेल.

एक टक्का हा विकणारा निवासी असेल तेव्हाचा नियम, आणि तोही पन्नास लाखांपासून पुढच्या व्यवहाराला. तुमच्या गावच्या भावाच्या वाट्याला तो लागू शकतो. तुमच्या वाट्याला नाही. अनिवासी माणसाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि सेस, असा दर आहे. फ्लॅट वडिलांनी घेतल्यापासूनचा काळ यात मोजतात, म्हणून दीर्घ मुदत ठरायला अडचण नसावी. कर नफ्यावर असला तरी नफा किती हे गिऱ्हाइकाला ठरवता येत नाही. त्यामुळे शहाणं गिऱ्हाईक पूर्ण किमतीवर कापतं आणि अडाणी एक टक्का कापतं. यातून सुटायचा मार्ग म्हणजे विक्रीखतापूर्वीच आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घेणं. त्याला आठवडे लागतात. विक्रीखताची तारीख ठरवून मग अर्ज करणारे लोक नंतर दोन वर्षं परताव्याची वाट बघतात.

जुन्या बचत खात्यात पैसे घेऊ नका. तुम्ही परदेशी नागरिक आहात, ते खातं एनआरओ करून घ्या. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असेल तर दाखवा, काम पटकन होतं. किंमत एनआरओत आली, कर भरला, की एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. म्हापशाच्या फ्लॅटचा अर्धा वाटा त्यात आरामात बसेल. पौंडांत बदलताना मात्र एकाच बँकेच्या भावावर थांबू नका. रक्कम मोठी असली की भावावर घासाघीस चालते, शाखाधिकाऱ्याला सरळ विचारा. रुपयांचं परकीय चलन होतं त्यावर जीएसटीही लागतो, पण तो रकमेच्या मानानं किरकोळ. पहिल्या लाखाला १८० रुपये, पुढे प्रमाण कमी होत जातं.

बँक कागद मागेल आणि गोव्यात ते कागद निराळे असतात हे परराज्यातल्या शाखेतल्या पोरांना ठाऊक नसतं. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालते. वारसांसाठी स्पेशल नोटरीकडचा वारसा-लेख किंवा कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कारवाई, लागते. लग्न समाईक मालमत्तेच्या पद्धतीनं झालं असेल तर विक्रीखतावर तुमच्या बायकोचीही सही लागेल. ती स्विंडनला असेल तर तिचंही मुखत्यारपत्र आत्ताच करायला घ्या. वारसा-लेख, विक्रीखत, वडिलांचं खरेदीखत, कर भरल्याचा पुरावा आणि सीएचा दाखला, एवढा गठ्ठा जुळला की बँकेला नाही म्हणायला कारण उरत नाही. पेडण्याला वडिलोपार्जित शेत असेल तर ते या व्यवहारात मिसळू नका. वारशानं ते तुम्हाला मिळू शकतं. विकायचं मात्र भारतात राहणाऱ्या भारतीयालाच, आणि भातशेतीच्या बाबतीत गोव्याचा २०२३ चा कायदा गिऱ्हाईकही शेतकरीच हवं म्हणतो.

*

मुलगी एमएससाठी जर्मनीला जाणार आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचे आहेत. आमच्या शाखेत याची कोणालाच माहिती नाही. मी शिक्षक आहे.
– एक वडील, लातूर

हे खातं मुलीच्याच नावानं जर्मन सेवा देणाऱ्याकडे ऑनलाइन उघडतात. भरलेल्या पैशातले महिन्याला ९९२ युरो तिला तिथे गेल्यावर सुटतात, म्हणजे ते पैसे कुठे जात नाहीत. तुमच्यासाठी हे एलआरएसखालचंच पाठवणं आहे, फॉर्मवर पाठवण्याचं कारण म्हणून ‘शिक्षण’ लिहायचं आणि प्रवेशपत्राची प्रत जोडायची. शाखेत माहिती नसणं नवं नाही. तालुक्याच्या शाखेला हा अधिकार नसतोच, ते कागद जिल्ह्याच्या नाही तर पुण्या-मुंबईच्या परकीय चलन शाखेकडे पाठवतात. त्यासाठी हातात आठवडाभर ठेवा.

तुम्ही एकट्यानं पाठवलं तर सध्याच्या भावानं रक्कम दहा लाखांच्या वर जाते आणि वरच्या भागावर टीसीएस लागतो. शिक्षणाचा दर बाकीच्या कारणांपेक्षा बराच कमी आहे, पण तोही टाळता येतो. पैसे शैक्षणिक कर्जातून थेट जात असतील तर टीसीएस नाहीच. किंवा काही भाग मुलीच्या आईनं तिच्या खात्यातून, तिच्या पॅनवर पाठवावा, कारण मर्यादा माणशी आहे. पैसे मात्र खरोखर तिचे असावेत. मामाचं, काकाचं खातं वापरू नका. टीसीएस कापलाच गेला तर मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लेखी कळवा, पगारातून कापायच्या टीडीएसमध्ये तो वळता करता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे फॉर्मवर बारीक अक्षरात असतं. स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून, पाठवलेला पैसा बरेचदा मधल्या एखाद्या बँकेतून जातो आणि ती बँक वाटेत आपला वाटा कापते. तिथे ११,९०४ ऐवजी ११,८८५ पोचले तर पूर्ण रक्कम भरल्याचं पुष्टिपत्र मिळत नाही, पुष्टिपत्र नाही तर व्हिसाची तारीख हुकते. फॉर्मवर खर्चाच्या रकान्यात तीन पर्याय असतात : अवर, शा आणि बेन. ‘अवर’वर खूण करा, म्हणजे वाटेतला खर्च पाठवणाऱ्याचा. तरीही वर शंभर युरो जास्त पाठवा. जास्तीचे तिच्याच खात्यात राहतात.

*

लेकीकडे टोरांटोला पाच महिन्यांसाठी निघालोय. पैसे रोख न्यावेत की कार्ड? तिथे यूपीआय चालेल ना?
– एक निवृत्त कारकून, सातारा

तिथल्या दुकानात यूपीआयच्या भरवशावर राहू नका. कॅनडाचा फोन नंबर यूपीआयला जोडता येतो, पण ती सोय एनआरई-एनआरओ खातं असलेल्या तुमच्या लेकीसाठी, आणि तीही इथले पैसे इथे देण्यासाठी.

परकीय नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत मिळतात, तुम्हाला त्यातले तीन-चारशे पुरेत. बाकी फॉरेक्स कार्डावर, कॅनेडियन डॉलरमध्येच भरून घ्या. परतताना रिक्षासाठी म्हणून भारतीय नोटा नेत असाल तर २५,००० रुपयांपर्यंत चालतात. तुमचं नेहमीचं डेबिट कार्ड परदेशात मुळात बंद असतं. निघण्यापूर्वी ॲपमधून किंवा शाखेत जाऊन ते चालू करून घ्या, आणि खर्चाची मर्यादा स्वतः कमी ठेवा.

तिथल्या एटीएमवर किंवा दुकानातल्या यंत्रावर ‘रुपयांत वळते करू का?’ असा प्रश्न येईल. रुपये बघून आपल्याला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि आपण हो म्हणतो. नाही म्हणा. तो भाव त्या यंत्रवाल्याचा असतो आणि आपल्या बँकेच्या भावापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट. कॅनेडियन डॉलर निवडा.

नोव्हेंबर तिथेच येत असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ते ॲप इथूनच, आधार नंबर आणि पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर हाताशी घेऊन, एकदा चालवून बघा. तिथे पोचल्यावर ओटीपी साताऱ्याच्या सिमवर येणार असेल तर रोमिंगचा रिचार्ज विसरू नका.